नोंदणी भावासाठी, खाते कशासाठी?

पारोळ्यातल्या एखाद्या कृषी केंद्राने, कापड दुकानाने किंवा शिकवणी वर्गाने वेबसाइट करून घ्यायची ठरवली, तर आता ते मोठे काम राहिलेले नाही. धुळ्याचा किंवा जळगावचा एखादा होतकरू मुलगा ती थोड्या दिवसांत उभी करून देतो. पानाच्या तळाशी एक छोटी चौकट असते: नव्या मालाची, भावाची, सवलतीची माहिती हवी असेल तर आपला ईमेल आणि मोबाइल नंबर द्या. लोक विश्वासाने देतात. मग मालकाला एक कल्पना सुचते, किंवा तो मुलगाच सुचवतो. ज्यांनी पत्ता दिला आहे, त्यांची वेबसाइटवर आपोआप खातीच उघडून टाकावीत. ग्राहकाला दुसऱ्यांदा फॉर्म भरायला नको, ऑर्डर देताना नाव-गाव आधीच भरलेले असेल, आणि कोण काय घेतो हे मालकालाही कळेल. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. एका ठिकाणी खूण केली की काम झाले.

ही सोय खोटी नाही. जून लागला, कपाशीच्या लागवडीपुरता पाऊस झाला की कृषी केंद्रात उभे राहायला जागा नसते. अशा दिवसांत वहीतली नावे एकेक करून संगणकात चढवायला माणूस बसवणे परवडत नाही. आणि बसवला तरी पाटलांचा पत्ता दुसऱ्याच पाटलांच्या नावापुढे जातो. हे काम यंत्राने करावे, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती यंत्राने ग्राहकाच्या वतीने होकार देऊन टाकण्याला. माहिती पाठवा असे म्हणणारा माणूस माझे खाते उघडा असे म्हणत नसतो. दुकानात नुसता भाव विचारला म्हणून दुकानदाराने उधारीच्या वहीत आपल्या नावाचे पान उघडावे, तसे हे आहे.

यादीत नाव असणे आणि खाते असणे यांत फरक काय, हे एकदा नीट पाहायला हवे. यादीत नाव असते तेव्हा पाठवणाऱ्याकडे फक्त पत्ता असतो. पत्रे नकोशी झाली की ग्राहक ती बंद करतो आणि संबंध संपतो. खात्याला मात्र पासवर्ड असतो, आठवण असते, अधिकार असतात. कोणते बियाणे कधी घेतले, घरचा पत्ता काय, मुलगा कोणत्या वर्गात शिकतो, बाकी किती आहे, हे सारे त्यात साठत जाते. खाते ज्याच्या हाती पडेल, तो आपल्या नावाने ऑर्डर देऊ शकतो, आपल्या नावाने लिहू शकतो. आणि ज्या माणसाला आपले खाते आहे हेच ठाऊक नाही, तो त्याचा पासवर्ड कधी बदलणार नाही, त्यात कोणी शिरले तर तक्रारही करणार नाही. बिनमालकाचे खाते म्हणूनच फार धोक्याचे.

आतमध्ये काय घडते, तेही समजून घेण्यासारखे आहे. चौकटीत टाकलेला ईमेल आधी पत्रे पाठवणाऱ्या सेवेच्या यादीत जातो. मेलचिंप ही त्यातली जुनी सेवा, २००१ मध्ये सुरू झालेली. यादीत नवे नाव आले की ती सेवा दुकानाच्या वेबसाइटला त्याच क्षणी निरोप धाडते. वेबसाइट बहुधा वर्डप्रेसवर बांधलेली असते. जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात. निरोप मिळताच वर्डप्रेस तो पत्ता आपल्याकडे आधीपासून आहे का ते पाहते. नसेल तर नवा वापरकर्ता तयार होतो, त्याला एक अवघड पासवर्ड मिळतो, एक दर्जा मिळतो आणि स्वागताचे पत्र सुटते. नुसता वाचक, ग्राहक, लेखक, संपादक, व्यवस्थापक असे हे दर्जे असतात. घाईत चुकीचा दर्जा निवडला गेला, तर पत्ता देणाऱ्या प्रत्येकाच्या हाती वेबसाइट बदलण्याची किल्ली जाते. पासवर्डचीही एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या ४.३ या आवृत्तीपर्यंत वर्डप्रेस पासवर्ड थेट पत्रात लिहून पाठवत असे. ते धोक्याचे आहे हे मान्य करून, त्या आवृत्तीपासून पासवर्ड ज्याचा त्याने ठरवायचा दुवा पाठवणे सुरू झाले. आजही कोणी स्वतःचा कोड लिहून पासवर्ड पत्रात धाडत असेल, तर जगाने तेव्हाच सोडून दिलेली वाट तो धरून बसला आहे.

या सगळ्या साखळीत माणसाला विचारणारी एकही कडी नाही. असे न विचारता उघडलेले खाते काय करू शकते, याचा मोठा धडा आपल्या देशाने २०१७ मध्ये घेतला. त्या वर्षी मोबाइलचे सिमकार्ड आधारशी जोडून घेण्याची मोहीम चालू होती. एअरटेलचे ग्राहक त्यासाठी दुकानात गेले, बोटाचा ठसा दिला आणि घरी आले. त्याच ठशाच्या आधारावर त्यांतल्या अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, अशा तक्रारी पुढे आल्या. पुढचा भाग अधिक गंभीर होता. गॅसचे अनुदान आधारशी सर्वांत शेवटी जोडल्या गेलेल्या बँक खात्यात जाते. नवे खाते जोडले गेले, तसे अनुदान आपला रस्ता बदलून तिकडे गेले. २३ लाखांहून अधिक ग्राहकांचे सुमारे ४७ कोटी रुपये, त्यांना माहीत नसलेल्या खात्यांत जमा झाल्याचे तेव्हा समोर आले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आणि बँकेची आधारवर ओळख पटवण्याची परवानगी काही काळासाठी थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला. पैसे नंतर मूळ खात्यांकडे परत पाठवले गेले. तोवर आपला गॅसचा पैसा कुठे अडकला म्हणून बँकेच्या खिडकीपाशी चकरा मारणाऱ्या बायाबापड्यांचा वेळ मात्र कोणी परत केला नाही.

ठसा सिमसाठी दिला होता, खाते बँकेचे उघडले. ईमेल भावासाठी दिला होता, खाते वेबसाइटचे उघडले. रक्कम आणि परिणाम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. चूक मात्र एकाच जातीची आहे: एका कामासाठी मिळालेला होकार दुसऱ्या कामावर चिकटवणे.

खानदेशातल्या शेतकऱ्याला ही चूक दुसऱ्या रूपातही ओळखीची आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली, तेव्हा पीक कर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. सोसायटीत किंवा बँकेत कर्जाच्या कागदावर सही केली की विम्याचा हप्ता आपोआप कापला जाई. आपल्या शेताचा विमा उतरला आहे हे कित्येकांना हप्ता कापल्याची नोंद पाहून कळे. आणि ज्याला विमा आहे हेच ठाऊक नाही, तो नुकसान झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कळवणार कसा? खरीप २०२० पासून कर्जदारांसाठीही विमा ऐच्छिक झाला. पण नको असेल तर तसे शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचे. म्हणजे गप्प राहिलेला माणूस आतच धरला जातो. विमा शेतकऱ्याच्या हिताचा असतो, हे मान्य. हिताची गोष्टसुद्धा विचारून केली तर तिचा उपयोग होतो, हेच त्या चार वर्षांनी दाखवले.

राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आणला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. अर्जांचे आकडे फुगले, बोगस अर्ज सापडले, केंद्रांवर कारवाई झाली आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. जिथे नोंदीच्या संख्येवर मोबदला ठरतो, तिथे नोंदी वाढतात. वेबसाइट करून देणाऱ्याला किंवा तिची जाहिरात सांभाळणाऱ्याला किती नवी खाती उघडली यावर पैसे देणाऱ्या प्रत्येक मालकाने हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या भागाचा जो खास प्रश्न आहे, त्याकडे येऊ. आपोआप खाते उघडणाऱ्या साऱ्या योजना एका गृहीतावर उभ्या असतात: एक ईमेल म्हणजे एक माणूस, एक नंबर म्हणजे एक माणूस. शहरात ते बरेचसे खरे असेल. पारोळा, एरंडोल, अमळनेरच्या खेड्यांत ते खरे नाही. इथे अनेकांचा ईमेल मोबाइलच्या दुकानात जन्मला, कारण त्याशिवाय नव्या फोनमध्ये अ‍ॅप उतरत नव्हते. तो दुकानातल्या पोराने काढून दिला, पासवर्डही त्यानेच ठरवला. मालकाला तो पत्ता धड सांगताही येत नाही. सरकारी योजनेचा, परीक्षेचा, दाखल्याचा फॉर्म सेतू केंद्रात भरला जातो, आणि अर्जदाराला ईमेल नसेल तर केंद्रचालक आपला टाकून मोकळा होतो. त्यात वाईट हेतू नसतो. रांग मोठी असते आणि फॉर्म तो रकाना रिकामा सोडू देत नाही. पण अशा पत्त्यावर खाते उघडले, तर त्याची किल्ली केंद्रचालकाकडे जाते. एकाच ईमेलवर वेबसाइट दोन खाती उघडत नाही, म्हणून त्या पत्त्यावरचे पहिले नाव जिंकते आणि पुढच्या दहा जणांची माहिती त्याच एका खात्यात ओतली जाते.

नंबराचेही तसेच. घरात एक चांगला फोन असतो आणि तो तरण्या मुलाच्या हातात असतो. मुलगा कामाला सुरतेला गेला की नंबरही सुरतेला जातो. घरी शेत पाहणाऱ्या बापाच्या नावाचे खाते, त्याची ओळख पटवणारा आकडा मात्र तिथल्या उधन्याच्या कारखान्यात खिशात वाजतो. सासूने दिलेला नंबर सुनेचा असतो, बहिणीने दिलेला भावाचा. शिवाय नंबर कायमचा नसतो. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो, असे दूरसंचार नियामकाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. रिचार्ज थकले, नंबर गेला, आणि काही महिन्यांनी पारोळ्यातल्या कोणाच्या खात्याची दारे बीड किंवा बरेलीतल्या अनोळखी माणसासमोर उघडी, हे सहज होऊ शकते. ग्राहकाने स्वतः होऊन खाते उघडले असेल, तर नंबर बदलताना त्याला त्याची आठवण राहण्याची निदान शक्यता असते. आपोआप उघडलेल्या खात्याची आठवण राहणार कुणाला?

पत्ता टाकताना होणाऱ्या चुका आणखी वेगळ्या. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही. टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच पेटीत येऊन पडतो, पण वेबसाइट त्यांना दोन माणसे समजते. एक अक्षर चुकले की पत्र परक्याकडे जाते, आणि पत्रात पासवर्ड ठरवण्याचा दुवा असेल तर खातेही परक्याचे होते. काही वेळा चूक नसते, खोडी असते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक सरकारी ईमेल पत्त्यांवर असाच हल्ला झाला. यंत्रांनी जगभरच्या नोंदणीच्या चौकटींत ते पत्ते भरले आणि त्या पेट्या न मागितलेल्या पत्रांनी तुंबल्या. ज्या याद्यांनी पत्ता खरोखर त्याच माणसाने दिला आहे का हे तपासले नव्हते, त्या याद्याच या हल्ल्याचे हत्यार झाल्या. तिथे नुसती पत्रे होती. नोंदीबरोबर खातेही उघडणारी वेबसाइट असती, तर प्रत्येक खोट्या नोंदीमागे एक खोटे खाते उभे राहिले असते.

कायदाही आता याच दिशेने उभा आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, असे कायदा म्हणतो. त्यात औषध दुकानाचे उदाहरण आहे. गिऱ्हाइकाने पैसे दिल्याची पावती फोनवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठवायला वापरावा. आमच्या विषयावर याहून नेमके उदाहरण शोधूनही मिळणार नाही. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीतही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे हवे. आणि १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळलेली संमती लागेल. पारोळ्यातल्या शिकवणी वर्गांनी या शेवटच्या ओळीकडे बारकाईने पाहावे. दहावी-बारावीच्या मुलांनी चाचणीच्या वेळापत्रकासाठी दिलेल्या नंबरांवर आपोआप उघडलेली खाती सगळ्यांत आधी अडचणीत येणार आहेत.

मग व्यापाऱ्याने ही सोय सोडूनच द्यावी का? तसे आम्हाला मुळीच वाटत नाही. साखळीत एक कडी घातली तर बाकीचे सगळे यंत्रावर सोडता येते. ग्राहकाने पत्ता दिला की त्याला फक्त यादीत घ्यावे, तेही त्याने आलेल्या पत्राला हो म्हटल्यावर. त्याच पत्रात किंवा पुढच्या एखाद्या पत्रात सरळ मराठीत विचारावे: आमच्या वेबसाइटवर तुमचे खाते हवे का? खात्यात काय साठेल, ते कशासाठी वापरले जाईल, बंद कसे करायचे, हे चार ओळींत सांगावे. त्याने होकार दिला, की मग खाते यंत्राने उघडावे, नाव भरावे, सगळ्यांत कमी अधिकाराचा दर्जा द्यावा, पासवर्ड ज्याचा त्याने ठरवायचा दुवा पाठवावा आणि त्या दुव्याला मुदत घालावी. होकार नुसत्या दुव्यावर ठेवू नये. पत्रांतले धोके शोधणारी काही सॉफ्टवेअर प्रत्येक दुवा स्वतःच उघडून पाहतात, आणि माणसाने न पाहताच होकार नोंदला जातो. दुवा उघडल्यावर बटण दाबायला लावले की हा घोटाळा टळतो.

उत्तर आले नाही, तर खाते उघडू नये. हे मालकांना जड जाते, कारण शंभरातले थोडेच लोक उत्तर देतात आणि आकडा लहान दिसतो. पण न मागितलेल्या स्वागतपत्रांची किंमत मालकालाच मोजावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे धाडणाऱ्याने एका टिचकीत पत्रे बंद करण्याची सोय द्यावी आणि नकोशी म्हणून ठरवल्या जाणाऱ्या पत्रांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे, असे ते नियम सांगतात. पारोळ्याचे दुकान एवढी पत्रे पाठवत नसेल; पण त्याच्या पत्रांवर लोकांनी नको असलेले म्हणून खूण करायला सुरुवात केली, की ज्याला भाव खरोखर हवा होता त्याच्याकडेही ती पोहोचेनाशी होतात.

इथल्या घरांसाठी आणखी एक सोय आवर्जून करावी. एका ईमेलवर किंवा एका नंबरावर अनेक माणसे असू शकतात, हे वेबसाइटने मुळातच धरून चालावे. खात्याची खूण पत्त्याऐवजी दुकानाच्या स्वतःच्या ग्राहक क्रमांकावर बांधली, तर मुलाचा नंबर बदलला तरी बापाचे खाते बापाकडेच राहते. नंबर बदलायचा असेल तर दुकानात येऊन बदलण्याची मुभा असावी. पारोळ्यासारख्या गावात दुकानदार गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखतो. ही पडताळणी कुठल्याही आकड्याहून पक्की आहे आणि ती सोडून देण्याचे काही कारण नाही. ज्याला खाते नको, त्याला खात्याशिवाय ऑर्डर देता यावी, हेही तितकेच महत्त्वाचे.

ज्यांनी आधीच न विचारता खाती उघडली आहेत, त्यांच्यासाठीही वाट आहे. कायदा लागू होण्यापूर्वी घेतलेल्या संमतीबाबत, तो लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर त्या माणसांना सूचना द्यायची आहे. तिच्यात कोणती माहिती आपल्याकडे आहे, ती कशासाठी आहे आणि संमती मागे कशी घ्यायची, हे सांगायचे आहे. इथे खात्यासाठी मुळात संमतीच नसल्याने नुसती सूचना पुरणार नाही, विचारावेच लागेल. त्यासाठी मे २०२७ ची वाट पाहण्याची गरज नाही. यादीतल्या प्रत्येकाला एक पत्र किंवा एक संदेश मराठीत पाठवावा, खाते ठेवायचे की काढायचे ते विचारावे, दोन महिने थांबावे, एकदा आठवण करावी आणि उत्तर न देणाऱ्यांची खाती त्यातल्या माहितीसकट पुसून टाकावीत. सेतू केंद्राच्या ईमेलवर उघडलेली खाती वेगळी काढून त्या ग्राहकांना दुकानात आल्यावर तोंडी विचारावे. गणपती उठल्यावर संदेश पाठवायला घेतले, तर पितृपक्षात बाजार थंड असताना यादी तपासता येते, आणि दिवाळीच्या गर्दीआधी दोन महिन्यांची मुदत पुरी होत नसली तरी आलेल्या होकारांवर नवी खाती उघडायला सुरुवात करता येते.